दोन मुलं, दोन फाइली

इंजिनीअरिंगला पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या नामांकित कॉलेजात नंबर लागत असेल तर हे वाचत बसू नका, डोळे झाकून जा. प्रश्न आमच्यासारख्यांचा असतो: खासगीत कॉम्प्युटर की सरकारीत मेकॅनिकल? आमच्या घरात दोन्ही झालं. थोरल्याने खासगीत कॉम्प्युटर केलं, धाकटा सरकारीत मेकॅनिकलला आहे. पावत्यांच्या दोन फाइली कपाटात शेजारी शेजारी आहेत. थोरल्याची रबर लावूनही मिटत नाही.

खासगीला नावं ठेवणार नाही. थोरल्याचे सर रात्री नऊलाही फोन उचलायचे. तिसऱ्या वर्षापासून कंपन्यांच्या परीक्षांची तयारी करून घेतली, नोकरीही कॅम्पसमधूनच लागली. धाकट्याकडे एका विषयाचे कंत्राटी प्राध्यापक सेमिस्टरच्या मध्येच सोडून गेले. वर्कशॉपमधलं लेथ माझ्या वयाचं असावं. वसतिगृहाच्या न्हाणीघराचा विषय आम्ही जेवताना काढत नाही.

मग बिनसलं कुठे? फीच्या आकड्यावर नाही. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी आधीच माहीत होती. उत्पन्न ८ लाखांच्या आत, म्हणून शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळणार होतं. विकास शुल्क खिशातून, तेही ठीक. पण महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा, हप्ता काही कॉलेजच्या तारखा बघून येत नाही. परीक्षा तोंडावर आली की निरोप यायचा: बाकी भरा, नाहीतर हॉल तिकीट मिळणार नाही. मग मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून अकाउंट्सच्या खिडकीवर. हमीपत्र लिहा, सही करा, खालच्या खिडकीवर जा, तिथे शिक्का आणा. मुलाने एकट्याने येऊन चालत नसे, पालकच लागत. मी आत वाकून बोलत असायचो आणि पोरगं चार हात लांब, नोटीस बोर्ड वाचत असल्यासारखं उभं. त्या बोर्डावर मागच्या वर्षीचं वेळापत्रक होतं. असं आठही सेमिस्टरला.

धाकट्याचाही हप्ता उशिराच येतो, पोर्टल तेच आहे. पण तिथली अख्खी बाकी माझ्या एका पगारात बसते. भरून टाकतो, पैसे येतील तेव्हा येतील. खिडकीवर अजून एकदाही गेलेलो नाही.

नोकरीचं म्हणाल तर मेकॅनिकलला कॅम्पसवर कमी कंपन्या येतात, हे मान्य. पण कराड, अमरावती, संभाजीनगरची सरकारी कॉलेजं १९६० च्या दशकातली. आमच्या कारखान्यात दोन मॅनेजर तिथेच शिकलेले आहेत आणि इंटर्नशिपसाठी धाकट्याने त्यांच्यापैकीच एकाला गाठलं.

मुलगी असेल तर हिशोब वेगळा. ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर २०२४-२५ पासून तिचं पूर्ण शिक्षण शुल्क सरकार देतं, खासगी कॉलेजातही. मात्र प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोटा आणि खासगी विद्यापीठं यात येत नाहीत, आणि माहितीपत्रकावर ‘कॉलेज’ आणि ‘विद्यापीठ’ यातला फरक पटकन लक्षात येत नाही, तेवढं बघा. पोराला कोडिंगशिवाय दुसरं काही सुचतच नसेल तर कदाचित खासगीच बरं, मी आग्रह करणार नाही.

फक्त कॅपमध्ये कॉलेजांची पसंती ज्यात भरतात त्या ऑप्शन फॉर्मची पहिली ओळ जपून भरा. पहिल्या फेरीत तीच मिळाली तर सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. धाकट्याच्या फॉर्मवर पहिली सातही नावं सरकारी होती.