परदेशी एमबीबीएस : मूळ कागदपत्रे एजंटकडे देण्यापूर्वी

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. नीटमध्ये मिळालेल्या गुणांवर माझ्या मुलीला मिरजेच्या शासकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी जागा मिळणार नव्हती आणि खासगी एमबीबीएसचे शुल्क आम्हाला झेपणारे नव्हते. मात्र राज्य सीईटी कक्षाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांमधून बीएएमएसला प्रवेश मिळण्याची चांगली शक्यता होती. इथे राहून बीएएमएस करावे की एमबीबीएससाठी परदेशी जावे, यावर घरात विचार चालू असतानाच सांगलीतील एका शिक्षण सल्लागाराशी आमचा संबंध आला. त्याने आमचे पैसे तर घेतलेच, पण आमचा इथला मार्गही बंद केला, आणि हा दुसरा प्रकार अधिक पालकांना कळावा असे मला वाटते.

त्याने मध्य आशियातील एका जुन्या सरकारी विद्यापीठाचे नाव सांगितले आणि शुल्क, वसतिगृह, भारतीय मेस व परदेशी पदवी घेतलेल्यांना भारतात डॉक्टरकी करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या एफएमजीई परीक्षेची शिकवणी धरून सहा वर्षांचे चोवीस लाखांचे पॅकेज ठरवले. माहितीपत्रकावर ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ असे ठळक छापले होते. वास्तविक राष्ट्रीय वैद्यकीय आयोग (एनएमसी) परदेशी महाविद्यालयांना अशी मान्यता देतच नाही. परदेशातील पदवी कोणत्या अटींवर ग्राह्य धरायची, एवढेच तो ठरवतो. आम्ही चार लाख रुपये भरले, त्यांपैकी दीड लाख बँकेतून आणि उरलेले त्याच्या आग्रहावरून रोख.

पैसे भरताच अपोस्टिलसाठी, म्हणजे कागदपत्रे परदेशात ग्राह्य धरली जावीत यासाठीच्या सरकारी प्रमाणीकरणासाठी म्हणून दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्ट त्याने स्वतःकडे घेतला. अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालयाकडून होते आणि त्यासाठी पूर्ण हंगामभर कागद अडकून पडण्याचे काहीच कारण नसते. तरीही कॅपच्या एकामागून एक फेऱ्या चालू असताना, कागद मुंबईत आहेत, दिल्लीत आहेत, अशी उत्तरे मिळत राहिली. मुलीला कोल्हापूरच्या एका आयुर्वेद महाविद्यालयात जागा मिळाली, पण प्रवेश निश्चित करायला मूळ कागद लागतात आणि ते हाती नसल्याने ती जागा गेली. फेऱ्या संपल्यावर मात्र सगळी कागदपत्रे लगेच परत आली, आणि गुणपत्रिकांवर अपोस्टिलचा शिक्काही नव्हता.

त्यानंतर जे प्रवेशपत्र आले, ते ठरलेल्या विद्यापीठाचे नव्हतेच. त्याच देशातील दुसऱ्या, नव्या खासगी संस्थेचे ते होते. मिरजेतील एका ज्येष्ठ डॉक्टरांनी ते शेवटपर्यंत वाचले आणि इंटर्नशिपसह एकूण पाच वर्षे, या ओळीवर बोट ठेवले. आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा लागतो. शिवाय त्याच संस्थेत १२ महिन्यांची स्वतंत्र इंटर्नशिप व्हावी लागते, शिक्षण इंग्रजीतून असावे लागते आणि त्या देशात वैद्यकीय व्यवसाय करण्याची नोंदणी तेथील नागरिकांप्रमाणेच मिळण्यास विद्यार्थी पात्र असावा लागतो. पाच वर्षांतून इंटर्नशिपचे वर्ष वजा केले की ४८ महिनेच उरतात. म्हणजे मुलीने तिथे सगळी वर्षे काढली असती, तरी तिला एफएमजीईला बसता आले नसते. ही परीक्षा ३०० गुणांची असते, उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण लागतात, आणि बसणाऱ्यांपैकी बहुसंख्य विद्यार्थी दर खेपेस नापास होतात. पॅकेजमधल्या शिकवणीचे आश्वासन या पार्श्वभूमीवर किती पोकळ होते, हे वेगळे सांगायला नको. आम्ही मुलीला पाठवले नाही.

ज्यांच्या घरी आज हाच विचार चालू आहे, त्यांनी एजंटला छायाप्रतीच द्याव्यात, अपोस्टिल स्वतः करून घ्यावे आणि कॅपची शेवटची फेरी होईपर्यंत मूळ कागद हातचे सोडू नयेत. शुल्क विद्यापीठाच्याच खात्यात भरावे. अभ्यासक्रमाचे महिने, इंटर्नशिपचे ठिकाण, शिक्षणाची भाषा आणि नोंदणीचा हक्क या चारही गोष्टी पैसे देण्याआधी विद्यापीठाकडून थेट लेखी मागवाव्यात. परदेशातले सगळेच शिक्षण वाईट असते असे माझे म्हणणे नाही. या अटी पूर्ण करणारी विद्यापीठे आहेत आणि तिथून शिकून आलेले चांगले डॉक्टरही आहेत.

पैसे परत मागितल्यावर, नोंदणी रक्कम परत मिळत नाही, असे सांगण्यात आले. आम्ही पोलिसांत अर्ज दिला आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क पडत नाही, तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. बँकेतून गेलेले दीड लाख आणि विद्यापीठाचे पहिले नाव असलेले व्हॉट्सॲप संदेश आमच्या बाजूने उभे आहेत. रोख दिलेले अडीच लाख आपल्याला मिळालेच नाहीत, असे तो सल्लागार सांगतो.