क्वांटम डॉटच्या ऊर्जापातळ्या: युपीएस की सायक्लिक व्होल्टामेट्री?

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा काही नॅनोमीटरचा कण. त्याच्या शोषण वर्णपटावरून दोन पातळ्यांमधलं अंतर कळतं, पण त्या पातळ्या नेमक्या कुठे आहेत ते कळत नाही. एलईडी किंवा सौरघटात शेजारचा थर निवडताना तेच हवं असतं. कॅडमियम सेलेनाइडचे साधारण ३.३ नॅनोमीटरचे डॉट घेऊन मी दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या: युपीएस, म्हणजे अतिनील प्रकाशानं बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजणं, आणि सायक्लिक व्होल्टामेट्री, म्हणजे द्रावणातल्या इलेक्ट्रोडचं व्होल्टेज पुढे-मागे फिरवत प्रवाह मोजणं.

युपीएसची बाजू भक्कम आहे. हेलियमचा २१.२२ इलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रकाश टाकला की व्हॅलन्स बँडचा (इलेक्ट्रॉननी भरलेल्या पातळ्यांचा) काठ थेट निर्वात पातळीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन पूर्ण मोकळा होतो त्या ऊर्जेच्या, हिशेबात हाती येतो. कंडक्शन बँड (वरच्या रिकाम्या पातळ्या) मात्र दिसत नाही. बहुतेक जण तो शोषणातलं अंतर मिळवून काढतात. त्या अंतरातून इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली धन जागा) यांचं आकर्षण आधीच वजा झालेलं असतं, आणि एवढ्या लहान डॉटमध्ये ते किरकोळ नसतं.

तेही चालवून घेतलं असतं. मला छळलं ते चार्जिंगनं. ओलिइक आम्लाचं आवरण विद्युतरोधक, त्यामुळे निघून गेलेल्या इलेक्ट्रॉनची जागा खालून भरून येत नाही आणि फिल्म धन होत जाते. पहिल्या स्कॅनमधला काठ दुसऱ्यात खोल सरकलेला, तिसऱ्यात आणखी खोल. फिल्म पातळ केली, तर खालच्या सोन्याचे इलेक्ट्रॉन वर्णपटात मिसळले. फ्लड गन (फिल्मवर मंद इलेक्ट्रॉन सोडणारं साधन) लावली, काठ वर आला. पण तो खऱ्या जागी थांबला की पुढे गेला, हे ठरवायला माझ्याकडे खूणच नव्हती.

व्होल्टामेट्रीत ती खूण भांड्यातच असते. शेवटी चिमूटभर फेरोसीन (संदर्भासाठी वापरतात ते लोहाचं संयुग) टाकलं की शून्य कुठे आहे ते कळतं. शिवाय ऑक्सिडेशन (डॉटमधून इलेक्ट्रॉन काढणं) आणि रिडक्शन (त्यात इलेक्ट्रॉन घालणं) एकाच बैठकीत दिसतात, म्हणजे दोन्ही पातळ्या वेगवेगळ्या मिळतात. हराम, क्विन आणि बार्ड या संशोधकांनी २००१ मध्ये कॅडमियम सल्फाइडवर हे दाखवलं. पुढे हराम यांच्या पुणे विद्यापीठातल्या गटानं कॅडमियम सेलेनाइडवरही काम केलं. कटकटी इथेही आहेत: ऑक्सिडेशनमध्ये डॉट मोडतो, शिखर परत येत नाही, प्रत्येक फेरीनंतर इलेक्ट्रोड घासावा लागतो, आर्गॉन कमी पडला तर ऑक्सिजन मध्येच दिसतो.

लेड सल्फाइडच्या फिल्मवर लहान लिगँड (डॉटच्या पृष्ठभागाला चिकटणारे रेणू) बसवून सौरघट करायचा असेल, तर युपीएसच बरं. तिथे लिगँड बदलल्यावर पातळी ०.९ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत सरकू शकते, आणि ती त्याच फिल्मवर मोजायला हवी. डॉट द्रावणात असतील, आवरण लांब असेल, तर माझा कल व्होल्टामेट्रीकडे आहे. फक्त फेरोसीनची पातळी निर्वात पातळीपासून −४.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरली की −५.१, हे निकालाशेजारी जरूर लिहा. नाहीतर त्याच डॉटचे आकडे दोन प्रयोगशाळांत ०.३ नं वेगळे दिसतील.