जीबीएसच्या साथीत घेतलेला यूव्ही प्युरिफायर : वर्षभराच्या वापरानंतर

जानेवारी २०२५मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढू लागले आणि दूषित पाण्यावर संशय होता, तेव्हा धायरीतल्या आमच्या सोसायटीत आठवडाभरात अनेक घरांनी पाण्याचे यंत्र घेतले आणि त्यांत आम्हीही होतो. भीती इतकी होती की, या आजारातून बरे होऊन परतलेल्या एका गृहस्थांबरोबर लिफ्टने जायलाही लोक कचरत. वास्तविक जीबीएस माणसाकडून माणसाला होत नाही.

दुकानात विक्रेत्याने टीडीएस मीटर बुडवून आरओ (दाबाने पाणी गाळून क्षारही काढणाऱ्या) यंत्रातल्या पाण्याचा कमी आकडा दाखवला आणि तेच घ्यावे असा आग्रह धरला. त्या दिवसांत हा मीटर सोसायटीत घरोघरी फिरत होता, आणि आकडा उतरला की माणसे निर्धास्त होत. परंतु टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. काही रुग्णांच्या नमुन्यांत आढळलेला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू त्या मीटरला कळत नाही. पिण्याच्या पाण्यात टीडीएस प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो आणि आमच्या नळाला तो शंभराच्याही आत होता, म्हणून आम्ही आरओ टाळून यूव्ही (जंतू मारणारा अतिनील किरणांचा दिवा) आणि यूएफ (अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणी) असलेले यंत्र निवडले.

या निवडीबद्दल मी समाधानी आहे. आरओप्रमाणे पाणी वाया जात नाही, चव बदलत नाही आणि दिवा बिघडल्यास प्रवाह आपोआप थांबतो. वीज गेल्यावर यंत्र बंद पडते, तेव्हा आम्ही पाणी उकळून घेतो. खळखळून उकळल्यास हा जिवाणू मरतो.

एक गोष्ट मात्र विक्रेत्याने सांगायला हवी होती. यंत्रातला कार्बन फिल्टर नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढून टाकतो आणि अतिनील किरणांचा परिणाम पाणी दिव्याजवळून जाते तेवढ्यापुरताच असतो, त्यामुळे टाकीत साठलेल्या पाण्याला पुढे कोणतेच संरक्षण उरत नाही. टाकी नियमित धुणे आणि गावाहून परतल्यावर साठलेले पाणी ओतून देणे, हे आम्ही माहितीपत्रकातल्या बारीक अक्षरांतून शिकलो.

नुकताच सर्व्हिसिंगसाठी आलेला तंत्रज्ञ सांगत होता की, त्या जानेवारीत आमच्या इमारतीत बसवलेल्या यंत्रांपैकी फारच थोड्या घरांनी दिवा आणि फिल्टर बदलण्यासाठी बोलावले आहे. हे ऐकून मला खरोखर काळजी वाटली. यंत्र घेणाऱ्यांनी किमतीबरोबर हा वार्षिक खर्चही आधीच विचारून घ्यावा.