स्विफ्टसाठी गॅब्रिएलचे पुढचे स्ट्रट: घ्यावेत का, आणि मुळात गरज आहे का?

गॅब्रिएल इंडिया ही पुण्याची कंपनी, त्यामुळे माल सहज मिळतो. रोजच्या वापरासाठी हे स्ट्रट (स्प्रिंगसोबत बसणारे पुढच्या चाकांचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) घ्यायला हरकत नाही. पण आधी जुने खरंच गेलेत का, ते बघा.

वरच्या सीलजवळ तेलाचा पुसट ओलावा चालतो. तेल नळीवरून खाली ओघळून त्यावर धुळीचा थर बसला असेल, तर स्ट्रट गेला. टायरवरून हात फिरवा; थोड्या थोड्या अंतरावर खळगे लागले तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही. बॉनेट दाबून गाडी किती हलते हे पाहण्यावर फार विसंबू नका, अर्धा मेलेला स्ट्रटही त्यात पास होतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'टक्' आवाज आला, तर संशय माउंट बेअरिंगवर (स्ट्रटच्या वरच्या टोकाच्या फिरत्या बेअरिंगवर) घ्या. खड्ड्यातला खडखडाट बऱ्याचदा लिंक रॉडचा (सस्पेन्शनमधल्या बारीक जोडदांडीचा) असतो, आणि तो स्ट्रटपेक्षा खूप स्वस्त!

स्ट्रट जोडीनेच बदला. माउंट, बेअरिंग, बम्प स्टॉप (मोठा धक्का अडवणारं रबर) आणि रबरी बूट (रॉडवरचं धूळरोधक आवरण) सहसा वेगळे घ्यावे लागतात. बूट फाटका ठेवला तर धूळ नवं सील खाते. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) लावल्याशिवाय मधला नट सोडू देऊ नका, जिवावर बेतू शकतं. स्ट्रटचा रॉड पक्कडीत धरून नट आवळणारा मेकॅनिक दिसला तर तिथेच थांबवा: क्रोमवर ओरखडा पडला की सील गळणारच. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या.