मागचे चाक: आउट काढावा, नव्याने बांधावे की तयार चाक घ्यावे?

गिअरच्या सायकलीचे मागचे चाक सारखे आउट होऊ लागले, म्हणजे फिरताना डावीउजवीकडे डुलू लागले, आणि त्यातच एखादा स्पोक तुटला, की दुरुस्तीच्या दुकानात तीन पर्याय समोर येतात. आहे त्या चाकाचा आउट काढून घ्यावा, हब (चाकाचा मधला गाभा) आणि शक्य असल्यास रिम तीच ठेवून नव्या स्पोकांनी चाक पुन्हा बांधून घ्यावे, किंवा बाजारातून तयार चाक आणून बसवावे. पहिल्यात पैसे कमी जातात आणि तिसऱ्यात खोळंबा कमी होतो, म्हणून बहुतेकांचा निर्णय या दोहोंतच आटोपतो. माझे मत मात्र असे आहे, की हब चांगला असेल तर दुसऱ्या पर्यायाचा विचार आधी करावा; कारण अशा चाकाचा दोष बहुधा त्याच्या सुट्या भागांत नसतो, ते ज्या तऱ्हेने बांधले गेले त्यात असतो.

हा दोष डोळ्यांना दिसत नाही. चाक फिरवून पाहिले तर रिम सरळ धावते आणि ब्रेकच्या रबराला घासत नाही, पण एकाच बाजूचे स्पोक ओळीने बोटाने छेडले तर कोणी उंच वाजतो आणि कोणी नुसता थडथडतो. चाक सरळ असणे आणि स्पोकांचा ताण समान असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एक स्पोक फाजील घट्ट आणि शेजारचे दोन ढिले ठेवूनही रिम सरळ आणता येते. यंत्रावर घाऊक बांधलेल्या स्वस्त चाकांत तर एकंदर ताणच कमी ठेवलेला आढळतो. स्वार बसल्यावर जमिनीलगतच्या स्पोकांचा ताण उतरतो आणि ते वर गेले की पुन्हा चढतो. मूळ ताण पुरेसा असेल तर या चढउताराने काही बिघडत नाही, पण तो अपुरा असला की खालचे स्पोक पूर्ण ढिले पडतात, निपल (स्पोक रिमला आवळून धरणारे छोटे नट) हळूहळू उलटे फिरते आणि हबच्या भोकातले स्पोकचे वाकण प्रत्येक फेऱ्यात हलते. ७०० × ३५ मापाच्या टायरचे चाक एका किलोमीटरला सुमारे ४६० फेरे घेते, यावरून त्या वाकणाला रोज किती सोसावे लागते याचा अंदाज येईल. स्पोक तिथेच तुटतो, आणि तोही पुष्कळदा खड्डा नसलेल्या सपाट रस्त्यावर.

मागच्या चाकात याशिवाय एक अडचण असते. कॅसेटला, म्हणजे मागच्या गिअरचक्रांच्या संचाला, जागा देण्यासाठी हबची उजवी कड मध्याकडे सरकलेली असते, त्यामुळे रिम मध्यावर ठेवायची तर उजव्या स्पोकांना डाव्यांपेक्षा बराच जास्त ताण द्यावा लागतो. डाव्या बाजूचा ताण उजव्याच्या अर्ध्यापासून दोनतृतीयांशापर्यंतच येतो. साहजिकच उजवीकडे ताण कमी ठेवलेल्या चाकात डावे स्पोक जवळजवळ शोभेपुरते उरतात.

केवळ आउट काढणे पुरेसे ठरते ते चाक नवे असताना, एकही स्पोक तुटलेला नसताना आणि निपल मोकळेपणाने फिरत असताना. त्यातही कारागिराला नुसता आउट काढायला न सांगता प्रत्येक बाजूच्या स्पोकांचा ताण आपसांत सारखा करून वाढवायला सांगावे. वेळेवर झालेले हे एवढे काम पुढचा बराच खर्च वाचवते. एकदा स्पोक तुटू लागले, की हा पर्याय मला पटत नाही. उरलेल्या स्पोकांनीही तेवढेच फेरे सोसलेले असतात, त्यामुळे एक बदलल्यावर थोड्याच दिवसांत दुसरा जातो. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत जस्ताच्या मुलाम्याचे स्पोक निपलमध्ये गंजून बसतात आणि पाना लावला की निपलच्या कडा गोल होतात. तिथे हा पर्याय आपोआप बाद होतो.

चाक नव्याने बांधायचे तर जुनी रिम ठेवायची की नाही हे स्पोक काढल्यावरच कळते. स्पोकांनी ओढून सरळ धरलेली रिम मुळात वाकलेली असू शकते, म्हणून मोकळी रिम काचेवर किंवा सपाट फरशीवर ठेवून पाहावी. ती डुगडुगली, निपलच्या भोकांपाशी तडे दिसले किंवा ब्रेक लागून तिची भिंत आत खोलगट झाली असेल, तर दुहेरी भिंतीची नवी रिम घ्यावी. हबच्या बेअरिंगचा कोन (शंकूच्या आकाराचा भाग), कप आणि छरे तपासून घ्यावेत. कपात खड्डे पडले असतील तर त्या हबवर मजुरी खर्च करण्यात अर्थ नाही. स्पोक सगळे नवे, स्टेनलेस स्टीलचे आणि २ मिलिमीटर जाडीचे घ्यावेत, तर निपल पितळी असावेत. डाव्या-उजव्या स्पोकांची लांबी बहुधा एकदोन मिलिमीटरने वेगळी असते, म्हणून दोन्ही बाजूंना एकाच मापाचे स्पोक घालणाऱ्याला हे काम देऊ नये. हबच्या कडेवर जुन्या स्पोकांचे ठसे उमटलेले असतात, तेव्हा नवी गुंफणही त्याच दिशेने करवून घ्यावी.

खरी कारागिरी याच्यापुढे आहे. आट्यांना तेल दिले नसेल तर निपल फिरवताना स्पोकच पीळ खातो आणि पहिल्याच रपेटीत तो पीळ सुटून चाक पुन्हा आउट होते. ताण चढवत असताना समांतर स्पोकांच्या जोड्या मुठीत धरून जोराने आवळाव्या लागतात, म्हणजे स्पोकची वाकणे हबच्या कडेला नीट बसतात आणि त्यांच्यात अडकून राहिलेला ताण निघून जातो. घाईत बांधलेल्या चाकात नेमकी हीच पायरी गाळलेली असते. उजव्या बाजूच्या प्रत्येक स्पोकला १०० ते १२० किलोचा ताण आजच्या बहुतेक चांगल्या रिमना मानवतो, मात्र रिमच्या उत्पादकाने त्याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळावी. ताणमापक नसलेला कारागीर एखाद्या चांगल्या चाकाच्या आवाजाशी ताडून हे काम करत असेल, तर त्यालाही मी नाकारणार नाही.

हब आणि रिम दोन्ही गेलेली असतील तर तयार चाक घेणेच शहाणपणाचे आहे. साध्या काळ्या सायकलीच्या बाबतीतही निर्णय बहुधा हाच राहील, कारण तिचे भाग गावोगाव मिळतात आणि मजुरी वस्तूच्या किमतीला पुरून उरते. गिअरच्या सायकलीसाठी मात्र हबची रुंदी १३० मिलिमीटर आहे की १३५, चक्रे कॅसेटची आहेत की आट्यांवर बसणाऱ्या फ्रीव्हीलची, आणि डिस्क ब्रेक असल्यास डिस्क सहा स्क्रूंची आहे की नाही, हे पाहूनच पैसे द्यावेत. मोठे ओझे वाहणाऱ्याने ३२पेक्षा कमी स्पोकांचे चाक घेऊ नये, ३६ मिळाले तर उत्तम. हे तयार चाकही बहुधा यंत्रावरच बांधलेले असते, म्हणून ते बसवण्याआधी त्याचा ताण तपासून वाढवण्याची मजुरी हिशेबात धरावी. ती धरल्यावर नव्याने बांधलेल्या चाकाशी असलेला किमतीतला फरक पुष्कळदा फारच थोडा उरतो.

कोणताही पर्याय निवडला तरी पहिल्या काही रपेटींनंतर चाक पुन्हा दाखवण्याचे आधीच ठरवून घ्यावे आणि दोन्ही बाजूंच्या मापांचे दोन-दोन जादा स्पोक मागून घ्यावेत, कारण त्या नेमक्या लांबीचा स्पोक प्रवासात कुठल्याही दुकानात मिळेलच असे नाही.