अंगठ्याखालची चकती की लॅपटॉपवरचा धबधबा

शॉर्टवेव्हवर लांबच्या समुद्राचं हवामान ऐकायचंय आणि पैसे एकदाच घालायचेत, तर पोर्टेबल रेडिओ घ्यावा की डोंगल, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा छोटा रिसीव्हर? त्यासाठी एसएसबी, म्हणजे सिग्नलची एकच बाजू वापरणारी पद्धत, पकडता यायला हवी. कोपरखैरण्याच्या माझ्या घरात दोन्ही आहेत: टेकसनचा पीएल-३३० हा पोर्टेबल आणि आरटीएल-एसडीआर व्ही३ हे डोंगल.

फॅक्स नकाशांचाच, म्हणजे रेडिओवरून सुरांच्या रूपात येणाऱ्या हवामानाच्या नकाशांचाच नाद असेल तर डोंगल घ्या. जपानचं जेएमएच हे फॅक्स केंद्र १३९८८.५ किलोहर्ट्झवर, यूएसबीत (एसएसबीच्या वरच्या बाजूत) १.९ किलोहर्ट्झ खाली लावायचं. मिनिटाला १२० ओळी, समभाररेषा हळूहळू उमटत जातात. वॉटरफॉलवर, म्हणजे लॅपटॉपवर धबधब्यासारख्या सरकणाऱ्या सिग्नलच्या चित्रात, सिग्नल आधी दिसतो, मग ऐकू येतो. पोर्टेबलचा आवाज मोबाइलच्या माइकला देऊनही नकाशा निघतो म्हणा, पण घरात कुणी शिंकलं की जपानच्या समुद्रावर पट्टा!

मला मात्र आवाजी बातमीपत्रं जास्त आवडतात. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याचं विलूना केंद्र ८११३ आणि १२३६२ किलोहर्ट्झवर असतं. गाव वाळवंटाच्या काठावरचं, बातम्या समुद्राच्या. आवाज संगणकाचा, वाऱ्याची दिशा, नॉट, लाटांची उंची, एका सुरात.

आणि इथेच डोंगलने मला छळलं. लॅपटॉप जुना, बॅटरी जेमतेम वीस मिनिटं टिकते. एका संध्याकाळी विलूना छान लागलं होतं, वादळाचा इशारा सुरू झाला आणि बॅटरी ५ टक्क्यांवर आली. चार्जर लावला मात्र, सगळ्या बँडभर गुरगुर! काढला की स्वच्छ, लावला की गुरगुर. वादळ कुठे निघालं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. लॅमिंग्टन रोडवरून गुरगुर दाबणारी फेराइटची कडी आणून वायरीला घातली, गुरगुर थोडी मवाळ झाली, गेली नाही. तुमचा लॅपटॉप नवा असेल तर कदाचित हा त्रास होणारही नाही.

पीएल-३३० मध्ये जुन्या नोकियात बसायची तीच बीएल-५सी बॅटरी. भिंतीतल्या विजेशी संबंधच नाही. शिवाय खिडकीच्या लोखंडी ग्रीलमागे काही लागेना तर रेडिओ पिशवीत टाकून वाशीच्या सागर विहारला जाता येतं. खाडीकाठी आठ मीटर वायर अँटेनाला चिमट्याने लावली की विलूना बऱ्यापैकी उठतं. ट्यूनिंगची चकती जरा इकडेतिकडे झाली तर निवेदक बदकासारखा बोलतो, पण अंगठ्याला दोन दिवसांत सवय होते. तिथे गळ टाकून बसलेल्या एका काकांनी बराच वेळ ऐकून विचारलं, "हे कुठलं वारं?" ऑस्ट्रेलियाचं म्हटल्यावर म्हणाले, "मग आपल्याला काय त्याचं!" आणि तरी ऐकत बसले.

पावसाळ्यात विजांची कडकड दोन्हींवर सारखीच, तेव्हा वायर काढून ठेवलेली बरी.

डोंगल विकलेलं नाही. रविवारी दुपारी जपानचा नकाशा काढायला लागतं, बॅटरी आदल्या रात्री भरून ठेवून.