रेकॉर्ड प्लेअर बदलायचा की फक्त स्पीकर? पंचवीस-तीस हजारांतला हिशेब

हौसेनं घेतलेल्या पहिल्या रेकॉर्ड प्लेअरला वर्ष-दोन वर्षं झाली, की डोक्यात किडा वळवळायला लागतो: यापेक्षा चांगलं वाजेल का? नाशिकमध्ये बहुतेक जण प्लेअर ऑनलाइनच मागवतात, त्यामुळे दोन यंत्रं शेजारी-शेजारी लावून ऐकायची सोय नसते. मग यूट्यूबवरची परीक्षणं बघायची. ती करणारी मंडळी रॉक आणि जॅझ ऐकतात. आपल्या कपाटात असतं काय, तर ख्याल, नाट्यगीतं, भावगीतं, आणि मधूनच एखादी हिंदी सिनेमाची तबकडी. या एका फरकामुळे कुठे पैसे घालायचे याचं उत्तर बदलतं, आणि तेवढं सोडून बाकी सगळं परीक्षणांत सांगितलेलं असतं.

हातात पंचवीस-तीस हजार आहेत असं धरून चालतो.

आधी सूटकेसवाल्यांचं

पेटीसारखा, स्पीकर आतच असलेला प्लेअर असेल तर त्यावर एक रुपयाही घालू नका. कार्ट्रिज, म्हणजे सुईच्या थरथरीचा सिग्नल करणारा भाग, त्यात बहुधा सिरॅमिक असतं आणि सुईचा भार पाच ग्रॅमच्या आसपास. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दोन ग्रॅम पुरतात. भार कमी-जास्त करता येत नाही, कार्ट्रिज बदलता येत नाही, आणि आवाज वाढवला की स्पीकरची थरथर त्याच पेटीतून परत सुईत शिरते. तो भाचरांना देऊन टाका. आपल्या चांगल्या तबकड्या मात्र सोबत देऊ नका.

तीन रस्ते

ज्यांच्याकडे ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी६०एक्स किंवा त्या दर्जाचा प्लेअर आहे, त्यांच्यापुढे खरा प्रश्न आहे. नवशिक्यांत हाच जास्त दिसतो, म्हणून त्यालाच मापदंड धरू.

पहिला रस्ता: प्लेअर आहे तोच ठेवायचा आणि सगळे पैसे स्पीकरवर घालायचे. दुसरा: त्याच कंपनीचा एलपी७०एक्स घ्यायचा. तोही पूर्ण स्वयंचलित, बेल्टवर चालणारा, पण कार्ट्रिज व्हीएम९५ मालिकेतलं. तिसरा: एलपी१२०एक्स. डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्टशिवाय थेट मोटरवर फिरणारा), पूर्ण हातानं चालवायचा, सुईचा भार ठरवायला मागे वजन, आर्म (सुईचा दांडा) आत ओढला जाऊ नये म्हणून अँटी-स्केटिंग, कार्ट्रिज बसवायचा सुटा होणारा हेडशेल आणि मिनिटाला ३३, ४५, ७८ फेरे असे तिन्ही वेग. एलपी६०एक्सच्या तुलनेत त्याला साधारण दुप्पट पैसे पडतात, म्हणजे तो घेतला की स्पीकरसाठी फारसं काही उरत नाही.

तिघांतही फोनो प्रीअ‍ॅम्प आतच आहे, त्यामुळे वेगळी डबी घ्यायची घाई नको. हा प्रीअ‍ॅम्प लागतो कशासाठी? मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा सिग्नल निघतो, आणि तबकडी कापतानाच त्यातला खर्ज दाबलेला व तार चढवलेला असतो. तो वाजवताना उलटा करून घ्यावा लागतो. मागच्या बाजूला फोनो आणि लाइन असं बटण असतं. अ‍ॅम्प्लिफायरला फोनोचं सॉकेट असेल तरच बटण फोनोवर, नाहीतर लाइनवर. दोन्हीकडे फोनो चालू राहिला तर आवाज फाटतो, दोन्हीकडे बंद राहिला तर डासासारखा किणकिणतो. 'प्लेअर बिघडलाय' या तक्रारी बऱ्याचदा इथेच मिटतात.

द्रुत नेमकी कुठे येते

आता मुद्द्याची गोष्ट. एलपीची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. काठाजवळ सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते. आत लेबलापाशी पोचेपर्यंत हाच आकडा २१ च्या आसपास येतो. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. तिथे वळणं इतकी बारीक होतात की गोल टोकाची, म्हणजे कोनिकल सुई त्यांत नीट उतरत नाही. तारसप्तकातले सूर आणि 'स', 'श' खरखरीत होतात.

पॉपच्या तबकडीत शेवटचं गाणं बहुधा संथ ठेवतात. आपल्याकडे काय होतं? बाजूभर एकच राग. बाहेर विलंबित, निवांत, लांब सूर. आणि जसजशी सुई आत सरकते तशी बढत. द्रुत, तराणा, सपाट ताना, झाला हे सगळं येतं नेमकं लेबलापाशी, म्हणजे तबकडीच्या सगळ्यात वाईट भागात. वीस मिनिटं गाणं चढत जातं आणि यंत्र त्याच वेळी उतरत जातं. त्यात वीस-पंचवीस मिनिटांची बाजू बसवायची तर खाचा अरुंद आणि आवाजाची पातळी कमी ठेवावी लागते, त्यामुळे खाचेची खरखर आणखीच उठून दिसते.

म्हणून शास्त्रीय ऐकणाऱ्यानं मोटर डायरेक्ट ड्राइव्ह आहे की बेल्टवर, प्लॅटर (तबकडीखालची फिरती थाळी) किती किलोचं, यूएसबी आहे का, याची फिकीर सोडावी. पाहायचं एकच: सुईचं टोक कसलं आहे आणि ते बदलता येतं का.

एलपी६०एक्सची सुई कोनिकल, भार तीन ग्रॅमच्या आसपास, आणि कार्ट्रिज आर्मलाच घट्ट. सुई तेवढी ओढून काढता येते. त्या कार्ट्रिजच्या बॉडीला चालणारी इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची सुई इतर उत्पादक काढतात. ती कमी पैशांतली बरी सुधारणा आहे, पण तिच्यापुढे रस्ता संपतो. एलपी७०एक्सवर कारखान्यातून येते ती व्हीएम९५सी, म्हणजे पुन्हा कोनिकलच. फरक हा की त्याच बॉडीत मालिकेतल्या इतर सुया बसतात: इ म्हणजे इलिप्टिकल, एमएल म्हणजे मायक्रोलिनिअर, एसएच म्हणजे शिबाता, ही दोन्ही आणखी बारीक टोकं. हातानं खाली-पुढे ओढली की जुनी सुटते, नवी टचकन बसते. एलपी१२०एक्सवर व्हीएम९५इ सुरुवातीपासूनच असते.

एमएल महाग वाटते, इ च्या सुमारे तिप्पट. पण कंपनी इ चं आयुष्य ३०० तास सांगते आणि एमएलचं १०००. एक एलपी चाळीस मिनिटांची धरली तर ३०० तास म्हणजे साडेचारशे तबकड्या. रोज एक वाजवणाऱ्याची सुई सव्वा वर्षात संपली. तासाच्या हिशेबात एमएल महाग पडत नाही, आणि द्रुतीच्या शेवटच्या दोन मिनिटांत ती काय करते ते ऐकण्यासारखं आहे: तबल्याची चाट वेगळी, हार्मोनियमचा सूर वेगळा, आणि तानेतले दाणे सुटे.

भावगीतं आणि सिनेमाची गाणीच ऐकत असाल तर हे सगळं तितकंसं लागू नाही. बाजूवरचं शेवटचं गाणं थोडं खडबडीत लागेल, एवढंच. त्यांनी पहिला रस्ता धरावा.

माळ्यावरच्या ७८ च्या तबकड्या

एलपी अमेरिकेत १९४८ साली आली, पण आपल्याकडे लाखेच्या ७८ च्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. त्यामुळे जुन्या घरांत, विशेषतः नाटकाची आवड असलेल्या घरांत, माळ्यावर अजून गठ्ठे सापडतात. असा गठ्ठा असेल आणि तो ऐकायचा असेल, तर एलपी१२०एक्सचे जास्तीचे पैसे वसूल होतात. एलपी६०एक्स आणि एलपी७०एक्स दोघांतही ७८ चा वेग नाही.

नुसता वेगही पुरत नाही. ७८ ची खाच रुंद असते. तिला एलपीच्या सुईपेक्षा चौपट जाड टोक लागतं. बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी कचऱ्यात घासत बसते आणि खरखरीखाली गाणं बुडतं. व्हीएम९५ मालिकेत यासाठी एसपी नावाची सुई आहे. ती लावली की भार पाच ग्रॅमवर न्यायचा, परत एलपी लावताना विसरू नये म्हणून दुसरा हेडशेल आणि दुसरी बॉडी ठेवलेली बरी.

एलपी१२०एक्सचा एक तोटा कुणी ठळकपणे सांगत नाही. तो स्वयंचलित नाही. दुपारी जेवून तबकडी लावली आणि डुलकी लागली, तर सुई शेवटच्या खाचेत तासभर टक-टक करत फिरत राहणार. घरात आई-बाबाही प्लेअर वापरत असतील तर याचा विचार आधी करा. त्यांना सुई आपोआप उचलणारा प्लेअरच सोयीचा.

स्पीकर

एलपी६०एक्सला ब्लूटूथचा डबा किंवा मोबाइलचा छोटा स्पीकर जोडून ऐकत असाल, तर कुठलीही सुई लावा, फरक ऐकू येणार नाही. पहिले पैसे इथेच घाला. दहा बाय बाराच्या खोलीत एडिफायरच्या आर१२८०टीसारखे चार इंची वूफरचे, ४२ वॅटचे पॉवर्ड स्पीकर भरपूर होतात. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. त्याआधी घरातला जुना होम थिएटरचा डबा उघडून पाहा. त्याला ऑक्सचं सॉकेट असेल तर पुढचे दोन स्पीकर जोडून महिनाभर फुकटात ऐका. साउंडबारच्या भरवशावर राहू नका. त्यातल्या बऱ्याच जणांना फक्त एचडीएमआय आणि ऑप्टिकल असतं.

स्पीकर आणि प्लेअर एकाच टेबलावर नकोत. प्लेअरखाली कडप्पा ठेवा. ओट्याचं काम करणाऱ्याकडे दीड फूट बाय सव्वा फुटाचा उरलेला तुकडा मिळतो. कडा घासून घ्या, खाली रबराचे चार पाय लावा. ऑडिओच्या नावावर विकल्या जाणाऱ्या महागड्या पाटापेक्षा तो काही कमी नाही. जुन्या नाशकात किंवा पंचवटीत वाड्याच्या वरच्या मजल्यावर लाकडी जमीन असेल, तर कडप्पाही पुरणार नाही: कुणी चाललं की सुई उडते. तिथे भिंतीत ब्रॅकेट ठोकून फळी लावा.

आजोबांचा चेंजर आणि अमेरिकेतला भाऊ

घरातला जुना एचएमव्ही किंवा गॅरार्डचा चेंजर, म्हणजे एकामागून एक तबकड्या आपोआप लावणारा प्लेअर, दुरुस्त करून रोज वापरावा का? मला वाटतं, नाही. रबरी चाक कडक झालेलं असतं, सुई जड असते, आणि मिस्त्री मिळाला तरी सुटे भाग शोधण्यात महिने जातात. दिसायला देखणा असेल तर दिवाणखान्यात राहू द्या.

अमेरिकेहून कुणी जुना प्लेअर आणून देत असेल तर त्याच्या पाठीवरची पट्टी वाचायला सांगा. विजेच्या वारंवारतेवर फिरणारी मोटर ६० हर्ट्झसाठी बनवलेली असेल, तर आपल्या ५० हर्ट्झवर ३३ ऐवजी जेमतेम २८ फेरे घेते. काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारपर्यंत खाली येते. व्होल्टेजचा कन्व्हर्टर लावून यात काही फरक पडत नाही, कारण तो वारंवारता बदलत नाही. '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं लिहिलेल्या अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या नव्या प्लेअरला ही अडचण नाही.

धुणं-पुसणं

कार्बन फायबरचा ब्रश आणि नवी आतली पाकिटं यांवर घातलेले हजारेक रुपये ही सगळ्यात स्वस्त सुधारणा. एलपीसाठी डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावू नका, लाख त्यात विरघळते. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, म्हणून कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीला चिकटवू नका आणि तबकड्या उभ्याच ठेवा.

घ्यायला जाताना

सेकंडहँड एलपी१२०एक्स मुंबईत निघाला तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत येता येतं, आणि अशी वस्तू कुरिअरवर सोडण्यापेक्षा ते बरं. येताना प्लॅटर आणि मागचं वजन सुटं करून वेगळं गुंडाळा, आर्म बांधून घ्या. बघायला जाताना आपली, शेवटपर्यंत माहीत असलेली ख्यालाची एलपी न्या. विकणारा सुई काठावर ठेवून आलाप ऐकवील. तो कुठल्याही प्लेअरवर छान लागतो. त्याला लेबलापासून दोन बोटं अलीकडे सुई ठेवायला सांगा. मग डावीकडून आणि उजवीकडून आवाज सारखा येतो का, आर्म हलकेच हलवल्यावर सांध्यात खुळखुळतो का, एवढं पाहून भाव करा. सुई जुनी आहे असंच धरा आणि नव्या सुईचे पैसे त्या भावातून वजा करून मागा.